पोर्शे मॅकान टर्बो (इलेक्ट्रिक) : ३.३ सेकंद आणि २१ मिनिटे

शून्यापासून ताशी १०० किलोमीटरचा वेग ३.३ सेकंदांत आणि बॅटरी १० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर सुमारे २१ मिनिटांत, हे पोर्शेच्या इलेक्ट्रिक मॅकान टर्बोचे दोन ठळक आकडे आहेत. पहिला आकडा ऐकून माणसे थक्क होतात आणि दुसऱ्याची नोंद सोयीसुविधांच्या यादीत कुठेतरी होते. हा क्रम मला पटत नाही. दोन दणकट मोटर बसवल्या की सरळ रस्त्यावरचा झपाटा गाठणे आता कोणत्याही अनुभवी उत्पादकाला फारसे अवघड राहिलेले नाही. मोठ्या बॅटरीत तितक्याच तत्परतेने वीज भरून घेणे, आणि तेही सेलना इजा न होऊ देता, हे मात्र अजूनही मोजक्यांनाच साधले आहे. शिवाय हे दोन गुण वरवर वाटतात तितके वेगळे नाहीत. वीज किती वेगाने आत घेता येते आणि किती वेगाने बाहेर काढता येते, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे बॅटरीचे व्होल्टेज, सेलचा अंतर्गत रोध आणि उष्णता वाहून नेण्याची व्यवस्था यांच्यापाशीच सापडतात. म्हणून या परीक्षणात चार्जिंग आणि कामगिरी यांचा विचार एकत्रच केला आहे, आणि त्यातही चार्जिंगला अधिक जागा दिली आहे.

ही गाडी जानेवारी २०२४ मध्ये सिंगापूर येथे प्रथम सादर झाली. पोर्शे आणि ऑडी यांनी मिळून विकसित केलेल्या पीपीई या इलेक्ट्रिक गाड्यांच्या प्लॅटफॉर्मवर, म्हणजे सामाईक सांगाड्यावर, ती उभी आहे. ऑडीची क्यू६ ई-ट्रॉन हिची सख्खी बहीण म्हणता येईल. लांबी ४,७८४ मिलिमीटर आहे, वजन २,४०५ किलो आहे आणि चालक व सामान बसल्यावर ते अडीच टनांच्या घरात सहज जाते. बॅटरीची एकूण क्षमता १०० किलोवॅट-तास असून त्यातील सुमारे ९५ किलोवॅट-तास प्रत्यक्ष वापरता येतात. किलोवॅट-तास म्हणजे वीजबिलावरचे नेहमीचे युनिट, हे लक्षात ठेवले तर पुढचे हिशेब सोपे जातील.

या बॅटरीत १२ मॉड्यूल आहेत आणि त्यांत मिळून १८० चौकोनी सेल एकापुढे एक जोडलेले आहेत. एका सेलचे सरासरी व्होल्टेज पावणेचारच्या थोडे खाली धरले, तर सगळ्यांचे मिळून सुमारे ६६० व्होल्ट होतात आणि पूर्ण भरलेल्या अवस्थेत ते साडेसातशेपर्यंत चढतात. बोलीत याला ८०० व्होल्टची प्रणाली म्हटले जाते. हा आकडा जाहिरातीपुरता नाही, त्याच्यामागे साधे भौतिकशास्त्र आहे. ठरावीक शक्ती वाहून न्यायची असेल, तर व्होल्टेज दुप्पट केल्यावर विद्युतप्रवाह निम्मा पुरतो, आणि तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे ती चौथ्या हिश्श्यावर येते. सीसीएस या जलद चार्जिंगच्या प्रचलित पद्धतीतील सर्वसाधारण चार्जरची केबल ५०० ॲम्पिअरच्या आसपास थांबते. ४०० व्होल्टच्या गाडीला त्या केबलमधून २०० किलोवॅटच्या पलीकडे फारसे मिळत नाही, तर मॅकान जेव्हा आपली कमाल २७० किलोवॅट शक्ती घेत असते, तेव्हाही प्रवाह ४०० ॲम्पिअरच्या मागेपुढेच असतो. केबल, कनेक्टर आणि बॅटरीच्या आतील तांब्याच्या पट्ट्या या सर्वांना त्यामुळे उसंत मिळते.

२७० किलोवॅट हा कमाल आकडा आहे आणि कमाल आकड्यावरून गाडीची पारख करू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. चार्जिंगचा आलेख आडव्या रेषेसारखा कधीच नसतो. बॅटरी बरीच रिकामी आणि पुरेशी उबदार असताना तो शिखरावर जातो, मग बॅटरी भरत जाईल तसा उतरत जातो. म्हणून महत्त्वाची ठरते ती सरासरी. मॅकानच्या बाबतीत ती कंपनीच्याच आकड्यांवरून काढता येते : ९५ युनिटांच्या ७० टक्के म्हणजे साडेसहासष्ट युनिट, ती २१ मिनिटांत भरली, म्हणजे सरासरी १९० किलोवॅट. शिखराच्या ७० टक्के इतकी सरासरी टिकणे ही खरोखर उत्तम कामगिरी आहे. कागदावर भव्य शिखर असलेल्या, पण दोन-तीन मिनिटांतच धापा टाकत खाली येणाऱ्या गाड्या बाजारात आहेत. त्यांच्या चालकाला शिखराचा आनंद पडद्यावर दिसतो आणि थांबण्याचा वेळ मात्र कमी होत नाही.

प्रत्यक्ष चार्जरवरचा अनुभव या हिशेबाशी जुळतो, फक्त त्याला एक अट आहे. नेव्हिगेशनमध्ये जलद चार्जर हे थांबण्याचे ठिकाण म्हणून टाकले पाहिजे. तसे केले की गाडी वाटेतच बॅटरी चार्जिंगसाठी योग्य तापमानावर आणू लागते. पोहोचल्यावर केबल लावली की काही क्षण गाडी आणि चार्जर यांची आपसात ओळखपाळख होते, कनेक्टर आतून अडकल्याचा खट् आवाज येतो आणि मग पडद्यावरचा किलोवॅटचा आकडा पायऱ्या चढल्यासारखा वर जातो. थोड्याच वेळात पुढच्या भागातील पंखे जोरात फिरू लागतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला काहीतरी बिघडले की काय असे वाटावे इतका तो आवाज स्पष्ट असतो, परंतु हीच प्रणाली नीट काम करत असल्याची खूण आहे. आत शिरणाऱ्या शक्तीचा लहानसा अंश जरी उष्णतेत गेला, तरी एवढ्या मोठ्या शक्तीच्या हिशेबात ती कित्येक किलोवॅटची शेगडी सतत चालू ठेवण्यासारखी गोष्ट आहे आणि ती उष्णता बाहेर टाकावीच लागते. उलट नेव्हिगेशन न लावता थंड बॅटरीने चार्जरवर गेले, तर हीच गाडी बराच वेळ शिखराच्या जवळपासही जात नाही. नव्या मालकांपैकी पुष्कळ जण इथेच निराश होतात आणि दोष चार्जरला देतात.

आता ४०० व्होल्टच्या चार्जरचा प्रश्न. जगभर जुनी चार्जिंग केंद्रे मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांतील अनेकांचे व्होल्टेज ५०० च्या वर जात नाही. ८०० व्होल्टच्या बॅटरीला ती थेट उपयोगाची नाहीत. काही उत्पादक यासाठी गाडीत व्होल्टेज वाढवणारे वेगळे उपकरण बसवतात, तर ह्युंदाई आणि किया मोटर व इन्व्हर्टर (बॅटरीतील वीज मोटरला चालेल अशा रूपात बदलणारे उपकरण) यांचाच त्या कामासाठी कल्पक वापर करतात. मॅकानचा मार्ग मला सर्वांत सरळ वाटतो. बॅटरीतील एक उच्चदाबाचा स्विच १८० सेलच्या रांगेचे दोन समान भाग करतो आणि ते दोन भाग समांतर जोडले जाऊन ४०० व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांप्रमाणे एकत्र चार्ज होतात. दोन भागांमधील चार्जची पातळी वेगळी असेल, तर गाडी ती आधी समान करून घेते. या पद्धतीत १३५ किलोवॅटपर्यंत शक्ती घेता येते, म्हणजे साडेसहासष्ट युनिट भरायला अर्धा तास. २१ मिनिटांच्या तुलनेत हा नऊ मिनिटांचा दंड आहे आणि तो सहन करण्याजोगा आहे. अतिरिक्त उपकरणाचे वजनही नाही आणि त्यातून होणारी वीजहानीही नाही. या गाडीच्या अभियांत्रिकीत मला सर्वांत आवडलेली गोष्ट कोणती असे कोणी विचारले, तर मी या स्विचचेच नाव घेईन.

चार्जर मात्र नेहमी आपल्या शब्दाला जागतोच असे नाही. ३५० किलोवॅटची पाटी लावलेल्या एका केंद्रावर गाडी ठरल्याप्रमाणे उबदार होऊन पोहोचली, आकडा वर चढला आणि शेजारच्या जागेवर दुसरी गाडी लागताच तो निम्म्यावर आला. दोन्ही केबलमागे वीज पुरवणारी कपाटे एकच होती आणि हे कुठेही लिहिलेले नव्हते. यात गाडीचा दोष नाही. तरीसुद्धा जलद चार्जिंग हा जिचा मोठा गुण आहे, अशी गाडी घेणाऱ्याने आपल्या नेहमीच्या मार्गावरील केंद्रांची शक्ती, व्होल्टेज आणि वाटणीची पद्धत आधी पाहून घ्यावी. ५० किलोवॅटच्या चार्जरवर हीच साडेसहासष्ट युनिटे भरायला किमान एक तास वीस मिनिटे लागतात, आणि तिथे ८०० व्होल्टचा काडीमात्र उपयोग नाही. घरच्या चार्जिंगबद्दल फार लिहिण्यासारखे नाही : एसी चार्जर ११ किलोवॅटचा आहे, त्यासाठी तीन फेजची जोडणी लागते, आणि रिकामी बॅटरी साधारण दहा तासांत, म्हणजे एका रात्रीत भरते.

चार्जिंगची शक्ती २७० किलोवॅट आणि चालवतानाची शक्ती ४७० किलोवॅट, हा फरक कशामुळे, असा प्रश्न जिज्ञासू वाचकाला पडेल आणि पडायलाच हवा. जी बॅटरी ४७० किलोवॅट देऊ शकते तिने ४७० किलोवॅट घ्यावेत, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण सेलच्या आत ये-जा सारखी नसते. चार्ज होताना लिथियमचे आयन ग्राफाइटच्या थरांमध्ये शिरतात आणि त्या शिरण्याला वेळ लागतो. प्रवाह फार जोराचा असला, सेल थंड असला किंवा आधीच बराच भरलेला असला, तर आयनांना आत जागा मिळण्यापूर्वीच ते पृष्ठभागावर धातूच्या रूपात साचू लागतात. असे साचलेले लिथियम कायमचे वाया जाऊ शकते, क्षमता घटते आणि सुरक्षिततेलाही धोका संभवतो. गाडीचे संगणक म्हणूनच भरताना हात आखडता घेतात. देताना ही अडचण नाही; शिवाय ४७० किलोवॅटची मागणी काही सेकंदांपुरतीच असते, तर चार्जिंग वीस मिनिटे अखंड चालते. एखाद्या गाडीचा चार्जिंगचा आलेख उंच आणि रुंद असेल, तर तिचे सेल कमी रोधाचे आहेत आणि तिची शीतकरणव्यवस्था भक्कम आहे, असा अंदाज त्यावरून बांधता येतो. त्या गाडीकडून जोरकस चालनाचीही अपेक्षा ठेवायला हरकत नसते.

मॅकान टर्बो ही अपेक्षा पूर्ण करते. नेहमीच्या वापरात ४३० किलोवॅट, म्हणजे ५८४ मेट्रिक अश्वशक्ती मिळते. जागेवरून पूर्ण जोराने निघण्यासाठी दिलेली लाँच कंट्रोल ही सोय वापरली की थोड्या वेळासाठी ४७० किलोवॅट, म्हणजे ६३९ अश्वशक्ती. टॉर्क १,१३० न्यूटन-मीटर आहे आणि कमाल वेग ताशी २६० किलोमीटर. पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही आसांवर (ॲक्सलवर) कायमचुंबकी सिंक्रोनस मोटर आहेत आणि टर्बोच्या मागील मोटरच्या इन्व्हर्टरमध्ये सिलिकॉनऐवजी सिलिकॉन कार्बाइड वापरले आहे, त्यामुळे स्विचिंगमधील हानी कमी होते. पोर्शेच्याच टायकॅन या इलेक्ट्रिक गाडीप्रमाणे मागच्या आसाला दोन वेगांचा गिअरबॉक्स इथे नाही. त्याची उणीव ताशी २०० च्या पुढे कदाचित जाणवेल. सार्वजनिक रस्त्यावर ती जाणवण्याचे कारण नाही.

३.३ सेकंदांचा अर्थ अंगावर कसा येतो, ते सांगायला हवे. सरासरी काढली तर हा प्रवेग गुरुत्वाकर्षणाच्या ८६ टक्के भरतो. डोके मागच्या उशीला टेकते आणि टेकलेलेच राहते, छातीवर दाब येतो आणि पुढच्या वाहनाचे अंतर डोळ्यांना विश्वास बसणार नाही इतक्या लवकर संपते. तरीही चाके घसरत नाहीत, नाक फारसे वर उचलले जात नाही आणि स्टिअरिंग हातात शांत राहते. चाकांची घसरण ओळखून टॉर्कची वाटणी दहा मिलिसेकंदांत बदलली जाते, असे कंपनी सांगते. ओल्या रस्त्यावर वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दाबला की या दाव्याची सत्यता कळते. गाडी क्षणभरही बिचकत नाही. हा वेग रोज वापरण्याजोगा आहे का, असे विचाराल तर नाही. ताशी ६० वरून १०० वर जाताना, म्हणजे ओव्हरटेक करताना, जी तत्परता मिळते तीच रोजच्या कामाची आहे, आणि ती लाँच कंट्रोलशिवायही भरपूर आहे.

एका जोरदार मुसंडीला वीज किती लागते, हा हिशेब पुष्कळांना चकित करील. अडीच टनांची गाडी ताशी १०० किलोमीटरवर नेण्यासाठी तिच्यात जी गतिज ऊर्जा साठवावी लागते ती साधारण पाव युनिटाहून थोडी जास्त असते. ९५ युनिटांच्या बॅटरीत हे प्रमाण नगण्य आहे, आणि थांबताना त्यातला बराच भाग परतही मिळतो. म्हणजे झपाट्याने निघणे हे रेंजचे, म्हणजे एका चार्जमध्ये कापता येणाऱ्या अंतराचे, खरे शत्रू नव्हे. रेंज खाते ती सतत राखलेली मोठी गती, कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मुसंडीची किंमत वेगळ्या रूपात मोजावी लागते, आणि ती म्हणजे उष्णता. ४७० किलोवॅट देताना बॅटरीतून सुमारे ७०० ॲम्पिअर वाहतात. एकदा, दोनदा त्याचे काही वाटत नाही. लागोपाठ मुसंड्या मारत राहिल्यास सेल, मोटर आणि इन्व्हर्टर यांच्यात उष्णता साचत जाते आणि कोणत्याही इलेक्ट्रिक गाडीला केव्हातरी हात आवरावाच लागतो. बॅटरी रिकामी होत जाते तसे तिचे व्होल्टेजही खाली येते आणि कमाल शक्ती घटते. म्हणून केवळ पहिल्या मुसंडीचा आकडा सांगणाऱ्या परीक्षणावर समाधान मानू नये. बॅटरी ३० टक्क्यांवर असताना आणि लागोपाठच्या कसोट्यांत गाडी काय करते, हे विचारावे.

वळणांवर या गाडीची घडण दिसून येते. मागची मोटर आसाच्या मागे बसवल्यामुळे वजनाची वाटणी पुढे ४८ आणि मागे ५२ टक्के झाली आहे, बॅटरी जमिनीलगत आहे आणि टर्बोला मागील चाकांसाठी इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचे डिफरेन्शियल लॉक, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांतील जोराची वाटणी सांभाळणारी यंत्रणा, मिळते. एअर सस्पेन्शन टर्बोमध्ये मूळचेच येते. मागची चाके पाच अंशांपर्यंत वळवण्याची सोय पर्यायी आहे. ती घ्यावी असा माझा सल्ला आहे, कारण अरुंद जागेत गाडी मागे घेऊन चार्जरला लावताना तिचा रोज उपयोग होतो. चार्जिंगचे सॉकेट मागच्या चाकांच्या वरच्या भागात आहेत, त्यामुळे बहुतेक केंद्रांवर गाडी उलटीच लावावी लागते. एवढे सगळे असूनही वजन लपत नाही. लागोपाठच्या उलटसुलट वळणांत दिशा बदलताना अडीच टनांचा भार बाहेरच्या टायरवर आल्याचे जाणवते. गाडी त्यावर ताबा ठेवते, परंतु त्या भाराचा विसर पडू देत नाही.

ब्रेकिंगमध्ये तर चार्जिंग आणि कामगिरी अक्षरशः एकत्र येतात. वेग कमी करताना मोटर जनित्राचे काम करून २४० किलोवॅटपर्यंत वीज बॅटरीत परत पाठवतात. जलद चार्जरच्या शिखराच्या अगदी जवळ जाणारी ही शक्ती आहे. ताशी १०० किलोमीटर वेगाला तिचा अर्थ होतो गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ३५ टक्के मंदन, म्हणजे बऱ्यापैकी जोरात ब्रेक दाबल्यावर जेवढे होते तेवढे. रोजच्या बहुतांश ब्रेकिंगमध्ये ब्रेक पॅड डिस्कला लागतही नाहीत. पोर्शेने इथे एक तात्त्विक भूमिका घेतली आहे : ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की गाडी जोरात न मंदावता घरंगळत राहते, आणि ऊर्जा परत मिळवण्याचे मुख्य काम ब्रेकच्या पेडलवर सोपवलेले आहे. एकाच पेडलने गाडी पूर्ण थांबवण्याची सवय झालेल्यांना हे सुरुवातीला खटकेल. मला मात्र ही पद्धत योग्य वाटते. मोकळ्या रस्त्यावर आपल्याच गतीने पुढे जाणे हे वीज बॅटरीत परत भरून पुन्हा बाहेर काढण्यापेक्षा नेहमीच कमी हानीचे असते, कारण त्या प्रत्येक फेरीत काही टक्के वीज उष्णतेत जातेच. मोटरचे ब्रेकिंग संपून डिस्कचे सुरू होते तो सांधा पायाला कळत नाही, हे विशेष नोंदवण्यासारखे आहे. एवढे लक्षात ठेवावे की पूर्ण भरलेल्या किंवा फार थंड बॅटरीला ही वीज घेता येत नाही, आणि तेव्हा सगळा भार डिस्कवर येतो.

रेंजबद्दल थोडक्यात. डब्ल्यूएलटीपी या प्रमाणित प्रयोगशाळा-चाचणीनुसार टर्बो एका चार्जमध्ये कमाल ५९१ किलोमीटर जाते. या चाचणीचा सरासरी वेग ताशी ४६.५ किलोमीटर इतकाच असतो, त्यामुळे द्रुतगती मार्गावर हा आकडा मिळेल अशी आशा बाळगू नये. ०.२५ इतका कमी हवारोध गुणांक, गरजेनुसार उघडझाप करणाऱ्या पुढच्या झडपा आणि आपोआप वरखाली होणारा मागचा स्पॉयलर यांचा फायदा निश्चित होतो, तरी समोरून हवा कापणारे क्षेत्रफळ एसयूव्हीचे आहे. वेगवान प्रवासात दर १०० किलोमीटरला २५ युनिटे लागली असे धरले, तर १० ते ८० टक्क्यांच्या एका थांब्यात सुमारे २६५ किलोमीटरची सोय होते, म्हणजे चार्जरवरच्या दर मिनिटाला साडेबारा किलोमीटर. लांबच्या प्रवासाला निघणाऱ्याने हाच आकडा मनात ठेवावा.

याच मोजपट्टीवर ह्युंदाईची आयोनिक ५ एन तपासून पाहणे उद्बोधक ठरते. तिची बॅटरी ८४ किलोवॅट-तासांची, १० ते ८० टक्क्यांचा वेळ १८ मिनिटे, कमाल शक्ती ४७८ किलोवॅट आणि शंभरचा वेग ३.४ सेकंदांत. चार्जिंगची सरासरी काढली तर ती १९६ किलोवॅट भरते, म्हणजे मॅकानपेक्षा किंचित सरस. परंतु तिची अधिकृत रेंज ४४८ किलोमीटर असल्यामुळे चार्जरवरच्या प्रत्येक मिनिटाला अधिकृत हिशेबाने साडेसतरा किलोमीटर मिळतात, तर मॅकानला जवळपास वीस. वीज वेगाने भरणे आणि अंतर वेगाने भरणे यांतला फरक तो हाच. रेसट्रॅकसाठी मात्र कौल ह्युंदाईकडे जातो. बॅटरी सरळ शर्यतीसाठी उबदार करायची की ट्रॅकवरच्या फेऱ्यांसाठी थंड ठेवायची, हे तिथे चालक स्वतः ठरवू शकतो आणि सगळी रचनाच पुन्हा पुन्हा जोर लावता यावा म्हणून केलेली आहे. मॅकानचा ओढा लांबच्या, वेगवान आणि शांत प्रवासाकडे आहे. तिच्याच घरातील टायकॅन २०२४ च्या सुधारणेनंतर ३२० किलोवॅटपर्यंत चार्ज होते, त्यामुळे मॅकानचे २७० किलोवॅट हा या तंत्राचा शेवटचा शब्द नाही, हेही मान्य करावे लागेल.

आणि आता टर्बो घ्यावी की नाही, या मुद्द्याकडे. मॅकानच्या सर्व इलेक्ट्रिक आवृत्त्यांना तीच १०० किलोवॅट-तासांची बॅटरी आहे, तेच २७० किलोवॅटचे चार्जिंग आहे, तोच बॅटरी दुभागणारा स्विच आहे आणि तेच २१ मिनिटांचे गणित आहे. टर्बोसाठी अधिक पैसे मोजले म्हणजे चार्जिंग तसूभरही सुधारत नाही. ते पैसे मागची मोठी मोटर, सिलिकॉन कार्बाइडचा इन्व्हर्टर, डिफरेन्शियल आणि सस्पेन्शन यांच्यासाठी असतात. मॅकान ४एस लाँच कंट्रोलसह ३८० किलोवॅट देते, शंभरचा वेग ४.१ सेकंदांत गाठते आणि अधिकृत रेंज ६०६ किलोमीटर आहे. मॅकान ४ त्याहून सौम्य, ५.२ सेकंदांची आणि ६१३ किलोमीटरची. ज्यांना वळणावळणाच्या रस्त्यांवर मागच्या आसाचा तो कसदार जोर अनुभवायचा आहे, त्यांनी टर्बोच घ्यावी, कारण तो जोर इतर आवृत्त्यांत मिळत नाही. लांबचे प्रवास आणि थोडक्यात आटोपणारे थांबे यांसाठी जे ही गाडी पाहत आहेत, त्यांना मी ४एस सुचवीन, शक्यतो लहान चाकांवर, कारण २२ इंची चाके दिसतात सुरेख, पण त्यांच्यासाठी रेंज आणि आराम या दोन्हींत थोडी थोडी तडजोड करावी लागते.